पाच शे की पाचशे?

बेबी गेल्याचं मला जयश्रीने फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी धुळ्यात देवपूरच्या भाजीबाजारात वांगी निवडत होते. भरताची वांगी निवडताना मी कुणाचा फोन घेत नाही, पण नाव जयश्रीचं दिसलं म्हणून घेतला. "नलूताई, अक्का गेल्या..." एवढंच म्हणाली. जयश्री ही बेबीची जुनी विद्यार्थिनी, आता जळगावला पिंप्राळ्यात तिच्याच क्लासमध्ये शिकवते. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नसतं. मी विचारलं, कशी? ती म्हणाली, झोपेतच. मग रडत रडत म्हणाली, "पोरी आल्यात क्लासला. बाहेर उभ्या आहेत. त्यांना काय सांगू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आत घे त्यांना. मशीन चालू कर." शेजारी भाजी घेणारी बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कुणाच्या मयताला पेढे वाटायला सांगितले. अर्थात तसं काही झालं नाही. शेजारीपाजारी जमले, दार लावलं गेलं, पोरी घरी गेल्या, आणि दुपारी मी जळगावला पोचले तोवर बेबीला न्यायची वेळ झाली होती. पण पोरींना काय सांगू हा जयश्रीचा प्रश्न काही केल्या माझा पिच्छा सोडेना. या काही आठवड्यांत मोठमोठ्या लोकांनी त्याची आपापली उत्तरं दिली. ती ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बेबी म्हणजे बेबी शिवदास पगारे. हे लाडाचं नाव नव्हे, कागदोपत्री नाव. शिरपूरच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा नर्सने जे लिहिलं तेच राहिलं. वडील जिनिंगमध्ये कामाला होते, कापसाच्या हंगामात त्यांना घरी यायला सवड नसायची, आणि सवड झाली तोवर सगळ्यांच्या तोंडी बेबीच बसलं होतं. आमच्या शाळेत ती संगणकाची शिक्षिका म्हणून आली तेव्हा मुख्याध्यापकांना ते नाव फलकावर लिहायची लाज वाटली. त्यांनी लिहून घेतलं "श्रीमती बी. एस. पगारे". बेबीने खडूने खाली लिहिलं, "म्हणजे बेबी". मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. मला ही बाई पहिल्या दिवशीच आवडली, आणि दुसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. पुढे आयुष्यभर आमचं हेच वेळापत्रक राहिलं.

तेव्हा शाळेत संगणक नुकतेच आले होते. नारळ फोडून, हारतुरे घालून खोलीचं उद्‌घाटन झालं होतं. पडद्यांवर कुंकवाची बोटं उमटवली होती आणि एका कीबोर्डात अक्षता गेल्या होत्या. त्यानंतर प्रत्येक मशीनला मखमली झबलं शिवून घालण्यात आलं आणि खोलीला कुलूप लागलं. कारण काय, तर धूळ लागेल. बेबी म्हणाली, "सर, गावाचं नावच धुळे आहे. धूळ लागणार नाही तर काय लागणार?" तिने झबली काढली, त्यांची फडकी केली आणि बंद पडलेलं एक मशीन उघडून मधल्या टेबलावर ठेवलं. मुलींना म्हणाली, हात लावा. मुली मागे सरकल्या. त्यांना घरी असल्या वस्तूंना हात लावायची मुभा भावांना असते हे ठाऊक होतं. बेबीने एकीचा हात धरून तिच्या बोटांत मेमरीची, म्हणजे रॅमची पट्टी दिली आणि म्हणाली, ही विसरभोळी. मग मोठी डिस्क दाखवून म्हणाली, ही डूख धरणारी, काही विसरत नाही. त्या काळी आमच्याकडे वीज कधीही जायची. काम सुरू असताना लाइट गेली की पडदे काळे व्हायचे, आणि मागून अहिराणीत बेबीचा आवाज यायचा, "लाइट गई! सेव्ह करं व्हतं का, माय?" ज्यांनी केलेलं नसायचं त्या रडकुंडीला यायच्या. रॅम कशाला म्हणतात हे आमच्या मुलींना महावितरणने शिकवलं असं बेबी म्हणायची, आणि ते जन्मात विसरल्या नाहीत.

आमचं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. पुस्तकात व्हेरिएबलला "चल" असा शब्द दिला होता. मराठीची बाई म्हणून मी त्याची तरफदारी केली. चल म्हणजे चळणारं, बदलणारं, किती सुटसुटीत! बेबी म्हणाली, "नलू, मी वर्गात म्हटलं, हा चल आहे, तर पोरी दप्तर आवरायला लागल्या." मग मी म्हटलं, डबा म्हण. सगळे डबाच म्हणतात. ती त्यालाही तयार नव्हती. डबा म्हटलं की पोरींना वाटतं, आधीची डाळ आहे, वर नवी ओतली, दोन्ही राहतात. इथे तर नवं ठेवलं की जुनं जातं. तिने शेवटी "पाटी" शब्द घेतला. पाटीवर नवं लिहायचं तर जुनं पुसावं लागतं. हे ठरवायला तिला आठवडाभर लागला. त्या आठवड्यात तिने धड जेवू दिलं नाही मला. डबा खाताना मध्येच विचारायची, "नलू, ताकाच्या भांड्यात दूध ओतलं तर?" मी चिडून व्याकरण काढलं की म्हणायची, "तुनं व्याकरण तुनाजोडे ठेव!"

शब्दांवरून एवढा आटापिटा का, हे मला एकदा पांझरा नदीच्या पुलावरून चालताना तिने सांगितलं. ती स्वतः जेव्हा हे सगळं शिकली तेव्हा वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. ती मागच्या बाकावर बसायची, सगळं समजायचं, तोंड उघडायचं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांपैकी एकाने विचारलं, व्हॉट इज अ व्हेरिएबल? घाबरून तिच्या तोंडून घरातली अहिराणीच निघाली, "जे बदलस ते." दोघे परीक्षक हसले. एकाने ते वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "उत्तर बरोबर होतं, नलू," ती मला म्हणाली. "एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पुस्तकातही तेवढंच लिहिलंय." मला त्या दोन परीक्षकांचा आजही राग येतो. आता ते म्हातारे झाले असतील, कुणाच्या तरी नातवंडांना गोष्टी सांगत असतील. मला त्यांच्याबद्दल माया वाटत नाही, वाटायचं कारणही दिसत नाही.

तर बेबीने ठरवलं की आपल्या वर्गात मूल ज्या भाषेत घरी भांडतं त्याच भाषेत आधी विचार करील. इंग्रजी शब्द शिकावेच लागतील, ते टाइप करावेच लागतील, त्याबद्दल तिची कुरकूर नव्हती. उलट स्पेलिंगची चूक झाली तर ती मुलीला धारेवर धरायची. पण आधी बोलीत सांग, मग मराठीत सांग, मग इंग्रजीत लिही, हा तिचा क्रम. धुळ्यात तो चपखल बसला, कारण बेबीची बोली अहिराणी आणि बहुतेक पोरींचीही अहिराणीच. एका मुलीने हजेरीचा प्रोग्रॅम लिहिला होता तो दिवस मला आठवतो. जी आली असेल तिच्यापुढे "हजर" असं उमटायला हवं होतं. मशीनने अख्ख्या वर्गाला हजर करून टाकलं. बेबी पडद्यापाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "बठ्ठ्या हजर? मंग ती सुनंदा तं ताप लिसन घर पडेल शे!" वर्गात हशा पिकला. चूक एवढीच होती की "हजर आहे का" हे विचारायला बरोबरची दोन चिन्हं, बेबीच्या भाषेत दोन रेघा, लागतात आणि मुलीने एकच दिलं होतं. पुस्तक दोन्हीला "बरोबर"च म्हणतं, मग ती तरी काय करणार? बेबीने तिला विचारलं, "तू मशीनले इचारी राहिनी, का सांगी राहिनी?" मुलगी म्हणाली, इचारी राहिनी. "मंग दोन रेघा पाड. एक रेघ म्हणजे ठेव. दोन रेघा म्हणजे शे का?" ठेव आणि शे का, म्हणजे आहे का... अख्ख्या वर्गाच्या तोंडी ते दोन शब्द बसले आणि त्या चुकीचा आमच्या शाळेपुरता निकाल लागला. पोरी मधल्या सुट्टीतसुद्धा एकमेकींना दटावायच्या, एक रेघ का दोन?

हे सगळ्यांना रुचलं असं मुळीच नाही. एका मुलीची आई शेतावरून तशीच शाळेत आली आणि बेबीला म्हणाली, "मनी पोर मी आठे इंग्रजी शिकाले धाडस. अहिराणी तं तिले घर बी येस." मला त्या बाईचं चूक वाटलं नाही, बेबीलाही वाटलं नाही. तिने त्या आईला खुर्ची दिली आणि म्हणाली, "माय, इंग्रजी बी येई. पन पहिले तिनी तोंड तं उघाडाले जोयजे." आईने मान हलवली, पण पटलं असं तोंडावर दिसलं नाही. आईला समजावता येतं. शाळेला समजावणं बेबीला कधी जमलं नाही. एकदा बाहेरून पाहुणे मंडळी तपासणीला आली. त्यांनी एका मुलीला उभं करून अटीचं, म्हणजे असेल-तरचं, वाक्य समजावून सांगायला सांगितलं. मुलगी न अडखळता अहिराणीत बोलली. पाहुण्यांपैकी एक हसला, आणि आमचे मुख्याध्यापक लगेच हात जोडून म्हणाले, "माफ करा सर, ग्रामीण भाग आहे." मुलीचा चेहरा पडला. बेबी सगळ्यांदेखत म्हणाली, "माफी कशाची? उत्तर चुकलं का?" चहा आला.

नंतर मुख्याध्यापकांनी तिला खोलीत बोलावलं. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. सर गोड बोलण्यात पटाईत. "मॅडम, पुढच्या वर्षापासून आपण हे बोलीचं बंद करणार ना?" असं त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं. बेबीने शांतपणे विचारलं, "सर, यात एक रेघ आहे की दोन?" सरांना कळलं नाही. मला कळलं आणि मी तिथेच हसले, त्याबद्दल मला पुढे बरंच ऐकावं लागलं. नव्या वर्षी बेबीचे संगणकाचे तास काढून घेतले आणि तिला कार्यालयात परिपत्रकं टाइप करायला बसवलं. कुणी तिला काढलं नाही. काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं. ती दिवाळीपर्यंत बसली, मग राजीनामा टाइप केला, तोही एकही चूक न करता, आणि जळगावला निघून गेली. मी शाळेतच राहिले. सेवानिवृत्त होईपर्यंत दर बैठकीत मी तो विषय काढत असे आणि दर बैठकीत तो पुढच्या बैठकीवर जात असे.

पिंप्राळ्यात तिच्या मावसबहिणीच्या घराची पुढची खोली रिकामी होती. तिथे जुनी मशीनं दुरुस्त करून तिने क्लास सुरू केला. मी म्हटलं होतं, धुळ्यात घे खोली, इथे तुला सगळे ओळखतात. ती म्हणाली, म्हणूनच नको. मला वाटायचं, आता तरी ही अहिराणीचा झेंडा लावून बसणार. लोकही तेच म्हणायचे, पगारेबाईंना अहिराणीचं वेड आहे म्हणून. तसं नव्हतं, हे मला पहिल्याच सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा दिसलं. आणि ज्या कुणाला बेबी समजून घ्यायची असेल त्याने बाकी सगळं सोडून तो दिवस ऐकावा.

त्या दिवशी रावेर-यावलकडच्या मुली क्लासला होत्या, केळीवाल्या घरच्या. त्यांच्यात एक लांब वेणीची, खालमानेची मुलगी होती, तीच ही जयश्री. बेबीने फळ्यावर लिहिलं, टेम्पोत एकेक घड ठेवत जा, आणि खाली तिच्या सवयीने, "घड पाच शे का? शे तर, निघा." सगळ्यांनी प्रोग्रॅम लिहिला, चालवला. बाकीच्यांचा टेम्पो पटकन निघाला. जयश्रीचा निघेना. त्या जुन्या मशीनच्या पडद्यावर ओळी रखडत वर वर सरकत होत्या, घड ठेवला, घड ठेवला, घड ठेवला... सगळ्याजणी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बेबी पहिल्यांदा गोंधळलेली मी तेव्हा पाहिली. खूप वेळाने एकदाचं "निघा" उमटलं. बेबीने आत पाहिलं तर जयश्रीने पाचाऐवजी पाचशे लिहिले होते. "इतके कशाला गं?" जयश्री घाबरून म्हणाली, "तुमीच लिवलं ना फयावर. पाच शे."

मी फळ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. बेबीच्या अहिराणीत "पाच शे" म्हणजे पाच आहेत. जयश्रीच्या कानाला ते सरळसरळ पाचशे. तिच्या गावच्या तावडी बोलीत "शे" हे क्रियापदच नाही. तिने वाचलं ते बरोबर होतं, फळ्यावर चुकीचं लिहिलं होतं... म्हणजे तिच्यासाठी चुकीचं. बेबी हसली नाही. तिने जयश्रीला विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात?" जयश्री म्हणाली, "आमी शे नई म्हनत. हाये म्हनतो." "पुन्हा म्हण." "हाये." बेबीने फळा पुसला. ज्या एका शब्दासाठी तिने नोकरी सोडली होती, तो तिने फडक्याच्या एका फटक्यात पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं, "घड पाच हाये का?" मी पाठीमागून म्हटलं, "बेबी, अगं, तुझं शे!" ती म्हणाली, "मनं शे मना घर शे. इथे पोरींचं चालणार."

मला वाटतं तिच्या आयुष्याचा अर्थ, असं काही असतं तर, या एका वाक्यात होता. ती अहिराणीसाठी लढली नव्हती. त्या तोंडी परीक्षेत बेबी नावाची जी मुलगी गप्प झाली होती, ती पुन्हा कुठल्याही वर्गात गप्प बसू नये म्हणून लढली होती. गप्प बसणारी मुलगी अहिराणी बोलते की तावडी की आणखी काही, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पुढे जयश्री पुण्याला जाऊन शिकली, तिथल्या एका कंपनीत राहिली, आणि एक दिवस परत येऊन म्हणाली, अक्का, मी इथेच शिकवते. बेबीने तिला वेड्यात काढलं, मग दुसऱ्या दिवशी खडू दिला.

शेवटची भेटले तेव्हा बेबी फोनशी भांडत होती. हल्लीचे फोन बोलतात ना, त्यातला. मराठीत विचारलं की उत्तर द्यायचा, अहिराणीत विचारलं की म्हणायचा, "माफ करा, मला समजलं नाही." बेबी त्याच्यावर ओरडली, "समजत नही ते शिक! मी तुनी इंग्रजी शिकनू ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, याला शिकवणारी माणसं कुठे बसतात, नलू? आपल्या पोरी तिथे जायला हव्यात. मी म्हटलं, आधी गोळी घे. तिने गोळी हातात धरून पुन्हा फोनला विचारलं. मी निघाले तेव्हाही तिचं चाललंच होतं.

आता सभेबद्दल. देवपूरच्या आमच्या त्याच शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. मागे फलकावर "कै. श्रीमती बी. एस. पगारे". कार्यकारिणीच्या अध्यक्षांनी सांगितलं की मॅडमनी ग्रामीण विद्यार्थिनींना साध्यासुध्या भाषेत संगणक शिकवला. साध्यासुध्या! ज्या शब्दासाठी बाईने आठवडाभर जेवणाची माती केली, तो साधासुधा! मग ते जुने मुख्याध्यापक काठी टेकत उठले आणि म्हणाले, मॅडमच्या प्रयोगाला माझं प्रोत्साहन होतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत माणसांबद्दल बोलायला तशी काही मनाई नाही, म्हणून मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, तुम्ही तिला टायपिंगला बसवलंत. प्रोत्साहन शब्दाचं स्पेलिंग चुकलंय." कुणीतरी माझं लुगडं ओढून बसवायला बघत होतं. मी बसले नाही.

अध्यक्षांनी सावरून घेत जाहीर केलं की संस्थेच्या जळगाव शाखेत बेबीच्या नावाने संगणक कक्ष निघेल, नवी कोरी मशीनं येतील, पिंप्राळ्याचा क्लास तिथे हलवावा आणि जयश्रीने तो चालवावा. फक्त शिकवणं प्रमाण भाषेत, अभ्यासक्रमाप्रमाणे. सुरुवातीला थोडं बोलीत चालेल. जयश्रीला व्यासपीठावर बोलावलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. क्लासची मशीनं म्हातारी झाली होती, खोलीचं छत गळतं, घरी तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं, आणि ही मोठी माणसं हात पुढे करून उभी होती. तिने हो म्हटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. तिने माइक जवळ ओढला. व्यासपीठावर बोलतात तशी मराठी तिला उत्तम येते, पुण्यात ती इंग्रजीत सभा चालवायची. ती तावडीत बोलली. "आमी नई येत. क्लास जठी हाये तठीच ऱ्हाईन." एवढंच बोलून खाली आली. माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिचा हात घट्ट धरला आणि दोघी भर सभेत रडलो, लाज न बाळगता.

गेल्या आठवड्यात मी पिंप्राळ्याला गेले. खोलीत बेबीची जागा अजून तशीच आहे. ती कधी फळ्यापुढे बसायची नाही. मागच्या भिंतीला टेकून तिचं लाकडी स्टूल असायचं, कारण तिथून मुलींचे पडदे दिसतात आणि मुलींना आपल्यावर कुणाची नजर आहे असं वाटत नाही. जयश्रीने मला त्यावर बसवलं. मला तिथून काहीच कळत नाही, पण बसले.

नव्या मुलींत शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली एक होती. नाव सुमली. आदिवासी पावरा घरची, जळगावला शिकायला राहिलेली. जयश्री अटीचं वाक्य शिकवत होती. तिने सुमलीला विचारलं, तुमच्यात 'हाये'ला काय म्हणतात? सुमली म्हणाली, "मराठीत मला येतं, ताई. आहे म्हणतात." जयश्री म्हणाली, "ते मलाही येतं. तुझ्या घरी काय म्हणतात?" सुमलीने आजूबाजूला पाहिलं. कुणाचं तोंड हसायला सुटतंय का, हे ती बघत होती, मागच्या भिंतीपाशी बसून मला ते स्पष्ट दिसत होतं. कुणी घाई केली नाही. मग तिने तो शब्द म्हटला. जयश्रीला नीट ऐकू आला नाही, तिने पुन्हा विचारला. सुमलीने पुन्हा म्हटला, या खेपेला मोठ्याने. मग सगळ्या मुली आपापल्या तोंडात तो घोळवू लागल्या आणि देवनागरीत तो कसा लिहायचा यावर त्यांची जुंपली. एक म्हणे असा, दुसरी म्हणे तसा. शेवटी सगळ्या मागे वळल्या. मराठीची जुनी बाई बसली आहे, ती निवाडा करील म्हणून माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हटलं, "मला काय विचारता? तिला विचारा." सुमली उठली, फळ्यापाशी गेली आणि जयश्रीच्या हातातून तिने खडू घेतला.